नीनी दारकेम काय म्हणेल?

आमच्या कालिकेमिरीत माणूस मेला की शेवटचं काम माझ्याकडे येतं. मी इथला कायीम. मयताला आंघोळ घालायची, कफन बांधायचं, नमाज पढवायची आणि जनाजा उचलण्याआधी अंगणात जमलेल्या लोकांना खणखणीत आवाजात विचारायचं, "हा माणूस कसा होता?" लोकांनी एका सुरात म्हणायचं, "चांगला!" तीनदा विचारायचं, तीनदा म्हणायचं. शेजाऱ्यांची साक्ष वर पोचली की गेलेल्याचं ओझं हलकं होतं, अशी आमची समजूत. माझ्या कारकिर्दीत कोंबडीचोर गेले, जुगारी गेले, दोन गावांत दोन संसार थाटलेला एक ट्रकवाला गेला. सगळे चांगले. "काय, बरं आहे ना?" या प्रश्नाला जसं उत्तर ठरलेलं असतं, तसंच हे.

अपवाद एकदाच घडला. दारकेम म्हातारीचा नवरा तार्मुदी गेला तेव्हा. तिला सगळं गाव नीनी म्हणतं, म्हणजे आजी. माडाचा रस आटवून गूळ करणारी बाई, चुलीपाशी राहून हात कोळशासारखे झालेले. मी तिसऱ्यांदा विचारलं, पुरुषांनी "चांगला!" म्हटलं, चौघांनी जनाजा उचलला, आणि ओसरीवरून तिचा आवाज आला, "चांगला होता. पण चूक याची असली तरी माफी मला मागायला लावायचा."

रडणारी नणंद रडता रडता खुदकन हसली. जनाजा खांद्यावर घेतलेल्या चौघांचे खांदे हलायला लागले आणि त्यांच्याबरोबर तार्मुदीही हलायला लागला. मला दुवा पुढे म्हणता येईना.

हेच जावाच्या दरबारी शहरांत, सोलोला किंवा जोग्याला, घडलं असतं तर दोन घराणी कायमची तुटली असती. आमच्याकडे लोक घरी जाताना एवढंच म्हणाले, "चब्लाका आहे बाई."

हा आमच्या बान्युमास भागातला शब्द. पोटात आहे तेच ओठावर, मध्ये गाळणी नाही. सोलोकडच्या लोकांना वाटतं की चब्लाका म्हणजे उद्धटपणा. ते आमच्या एकूण बोलण्यालाच हसतात. त्यांच्या तोंडात 'आ'चा 'ओ' होतो, आमच्याकडे 'आ' हा 'आ'च राहतो, आणि शब्दाच्या शेवटी 'क' आला की आम्ही तो दारावर थाप मारावी तसा मारतो. पण उद्धटपणा वेगळा, टोमणा वेगळा, चब्लाका वेगळा. फरक काय, असं विचारलं तर आमच्यातला एकही माणूस धड सांगणार नाही. मलाही सांगता आला नसता. सान्विर्यांच्या भानगडीत मी ओढला गेलो नसतो तर.

सान्विर्या म्हणजे आमचे माजी लुराह, गावचे जुने कारभारी. पद जाऊन जमाना झाला तरी सगळे त्यांना पाक लुराह म्हणत, आणि कुणी चुकून नुसतं पाक, म्हणजे काका, म्हटलं तर त्यांना ऐकू येत नसे. बायको सोलोची, बू हस्तुती, म्हणजे हस्तुतीबाई. अंबाड्याचा एक केस कधी जागचा हललेला कुणी पाहिला नाही.

तर एका लग्नाच्या पंगतीत पाक लुराह बसल्या जागी कलंडले. पुर्वोकेर्तो शहरातल्या डॉक्टरनं मीठ कमी करायला सांगितलं, पण त्यांनी ते वरचं बोलावणं समजलं आणि तयारीला लागले. कबरस्तानात चाफ्याखालची जागा धरली, तिला फरशी बसवली, मांडववाल्याशी बोलून ठेवलं. सगळं मनासारखं झालं आणि मग एका सकाळी ते माझ्या ओसरीवर येऊन बसले.

"कायीम, तो प्रश्न."

"कुठला, पाक लुराह?"

"तो शेवटचा. विचारलाच पाहिजे का?"

"सक्ती नाही. पण नाही विचारला तर गाव म्हणेल, काहीतरी झाकायचं होतं."

"हळू विचारलास तर?"

"तर लोक पुढे येऊन कान देतील."

थोडा वेळ ते माझ्या कोंबड्यांकडे बघत राहिले. "दारकेमला त्या दिवशी बाजाराला पाठवता येईल?"

"तुम्ही दिवस आधी कळवलात तर बघतो प्रयत्न करून."

ते रागावले नाहीत, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. त्यांनी म्हातारीकडे सोकाराजा गावच्या गेतुकचा, म्हणजे कसावाच्या कंदाच्या तळलेल्या गोड वड्यांचा, मोठा डबा पाठवला. रिकामा डबा परत आला, सोबत निरोप: "गेतुक झकास होता, आणखी असला तर पाठवा. काम काय आहे ते मात्र तोंडानं येऊन सांगा."

शेवटी ते स्वतः गेले. साक्षीला मला नेलं. नीनी चुलीवरच्या कढईत पळी फिरवत होती. तिनं आम्हाला पाटांवर बसवलं, कॉफी दिली. पाक लुराहांनी घसा साफ केला आणि तिला थोरली ताई म्हणत दरबारी भाषेत सुरू केलं, "म्बाक्यू, आपल्यासारख्या वडीलधाऱ्यांच्या आशीर्वादाच्या छायेत हा पामर आजवर—"

"पाक लुराह, धुरानं माझे डोळे आधीच चुरचुरतायत. सरळ बोला."

"म्हणजे... समजा मी गेलो. कायीम विचारेल, हा कसा होता. तेव्हा आपण काय बोलाल?"

"आज गेलात तर? चांगला नव्हता म्हणेन."

मी कॉफीचा चटका लागणारा घोट तसाच गिळला.

"का?" त्यांची दरबारी भाषा एका क्षणात उतरली. "गावात रस्ता कुणी आणला? दवाखाना? दिवे?"

"रस्ता चांगला आहे. कायीमनं रस्त्याबद्दल विचारलं तर मी रस्ता चांगला म्हणेन. तो तुमच्याबद्दल विचारणार."

"मग माझं काय वाईट?"

नीनीनं पळी कढईच्या काठावर आपटली. "तुमच्याकडे शहरातले पाहुणे आले की तुमची आई माझ्याकडे येऊन बसायची. मिसेम माझ्याहून मोठी, पण आमचं जमायचं. मी म्हणायचे, अगं, घरी पाहुणे आणि तू इथं काय करतेस? तर म्हणायची, माझं बोलणं रांगडं, पोराला ओशाळवाणं होतं. पाहुणे जाईपर्यंत बसायची. कधीकधी संध्याकाळ व्हायची. मी भात वाढायचे तर नको म्हणायची, घरी मोठा स्वयंपाक केलाय म्हणायची."

पाक लुराहांनी हातातला पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "तिनं तक्रार केली?"

"छे. ती तुम्हाला चांगलाच म्हणायची. ती आई होती. मी तुमची आई नाही."

"आणि हे सगळं तू लोकांसमोर बोलणार?"

"आता बोलू शकते. काल नसते बोलले."

"म्हणजे?"

"जे माणसाच्या तोंडावर सांगितलं नाही ते त्याच्या पाठीमागं सांगायचं नसतं. ती चहाडी झाली. तार्मुदीला मी ते माफीचं रोज सांगायचे, म्हणून त्या दिवशी बोलले. तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. तेव्हा तुमच्या मयताला मी तोंड मिटून गप्प बसले असते." तिनं कढईत डोकावून पाहिलं. "पण तुम्ही आपणहून आलात, विचारलंत. मी सांगितलं. आता मी मोकळी."

पाक लुराहांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू ही सगळी खोड मीच काढली. मी कॉफीच्या पेल्यात बघत राहिलो. तळाशी गाळाशिवाय काही नव्हतं.

परतताना ते माझ्या पुढे झपाझप चालत होते. मग एकदम थांबले. "हा चब्लाका नव्हे. हा उर्मटपणा आहे. आणि चब्लाका म्हणजे काय तिच्या एकटीची जहागीर आहे? मी पण याच मातीतला. उद्यापासून बघ."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते लिक वास्तिनीच्या, म्हणजे वास्तिनी मावशीच्या, टपरीवर आले. तिथली मेंदोआन, म्हणजे टेम्पेची, आंबवलेल्या सोयाबीनच्या वडीची, ती मऊ, अर्धीकच्ची भजी, खायला अख्खं गाव जमतं. सगळ्यांदेखत ते म्हणाले, "वास्तिनी, तुझं तेल परवाचं आहे."

"परवाचं कुठलं! त्याच्याही आधीचं," ती म्हणाली. "ताज्या तेलातली हवी तर सोकाराजाला जा आणि दुप्पट पैसे मोजा. किती देऊ?"

त्यांनी चार घेतली. खाता खाता माझ्याकडे वळले. "कायीम, तुझी अजान ऐकली की माझी बकरी ओरडते."

"बकरी वेळेवर उठते, पाक लुराह. तुम्हीच तेवढे उशिरा येता."

टपरी हसली. ते तिथून नव्या लुराहाच्या कचेरीत गेले आणि म्हणाले, "तुझी भाषणं लांबलचक आणि पोकळ असतात." तो पोरगा हात जोडून म्हणाला, "तुमचीच आहेत, पाक लुराह. कपाटात सापडली. मी फक्त नाव बदलतो."

असं बरेच दिवस चाललं. रोज कुणाचं तरी उणं काढायचं, आणि ज्याचं काढलं त्यानं मान डोलवून वर आणखी भर घालायची. शिंप्याला म्हणाले, तू कापड चोरतोस. शिंपी म्हणाला, चोरतो, पण तुमच्या मापात काय उरतं सांगा. माणसाला भांडायला निदान एक नाकबूल करणारा तरी लागतो. तो त्यांना कालिकेमिरीत मिळेना. उलट लोक टपरीवर वाट बघायला लागले की आज कुणाची पाळी.

त्यांना शिक्षा झाली ती फक्त घरी. बू हस्तुतींना ते म्हणाले, "तुझी फणसाची भाजी गोडमिट्ट असते. मला ती कधीच आवडली नाही." बू हस्तुतींनी मंद स्मित केलं. म्हणाल्या, "आपल्या जिभेची योग्यता आमच्या हाताला कुठली?" आणि त्या दिवसापासून त्यांच्या पानात उकडलेला कसावाचा पाला पडायला लागला, अळणी. "डॉक्टरांनीच सांगितलंय," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला काळजीच्या सुरात सांगत.

एका बाजारच्या दिवशी नीनी दारकेम गुळाची टोपली घेऊन टपरीपाशी टेकली होती. पाक लुराह आले आणि टपरीवरच्या कुणाला तरी त्याच्या वाकड्या कुंपणावरून बोलायला लागले. तिनं ऐकून घेतलं. टोपली डोक्यावर घेता घेता म्हणाली, "पाक लुराह, सगळ्या गावाची अंगणं झाडून झाली. तुमचं तेवढं राहिलं."

या वेळी लोक हसले तेव्हा ते हसू पाक लुराहांना लागलं. हातातलं भजं अर्धं टाकून ते निघून गेले, आणि त्यानंतर टपरीवर दिसेनात. मी एकदा घरी गेलो तर तळ्याच्या काठावर बसून माशांना कोंडा टाकत होते. मला म्हणाले, "माझी आई बाजारातून आली की मोठमोठ्यानं भाव सांगायची, आठवतं तुला? दारातूनच." मी म्हटलं, आठवतं. "मी तिला म्हणायचो, हळू बोल." मग उरलेला कोंडा एकदम तळ्यात रिकामा केला.

गेलेल्याच्या नावानं आम्ही ठरलेल्या दिवशी जेवणं घालतो, त्यांतलं त्यांच्या आईचं शेवटचं मोठं जेवण आलं. सोलोहून बू हस्तुतींचे दोन्ही भाऊ आले, त्यांच्या बायका आल्या. बैठकीच्या खोलीत चटया अंथरल्या होत्या. पाक लुराहांनी नीनीला आग्रहानं पहिल्या रांगेत, सोलोच्या पाहुण्यांशेजारी बसवलं. असल्या प्रसंगी स्वागताचं भाषण करायला आम्ही भाड्यानं वक्ता आणतो, तो दरबारी भाषेत तासभर फुलं उधळतो. वक्ता आलाही होता. पण पाक लुराह स्वतःच उभे राहिले.

"इन्योंग..." ते म्हणाले.

आमच्या बोलीत 'इन्योंग' म्हणजे 'मी'. शेतात, बाजारात, भांडणात वापरायचा मी. बैठकीत आणि सोलोच्या पाहुण्यांपुढे तो शब्द म्हणजे चिखलाच्या पायांनी चटईवर येणं. मोठ्या मेव्हण्याच्या भुवया टोपीपर्यंत गेल्या.

"मी आज जिच्या नावानं तुम्हाला जेवू घालतोय, ती बाई पाहुण्यांबरोबर या खोलीत कधी जेवली नाही. पाहुणे आले की मीच तिला बाहेर घालवायचो. ती तोंड उघडायची आणि मला लाज वाटायची. लुराह म्हणून मी ठीक होतो. मुलगा म्हणून नव्हतो. ती असताना हे तिला सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. एवढंच. जेवा, रस्सा गार होतोय."

मी घाईघाईनं दुवा म्हणायला लागलो. तेवढ्यात मोठा मेव्हणा बायकोकडे झुकून कौतुकानं म्हणाला, "किती अलंकारिक! विनयाची ही शैली हल्ली ऐकायला मिळत नाही."

पाक लुराहांनी त्याच्याकडे पाहिलं, समजावून सांगावं म्हणून तोंड उघडलं आणि मिटलं. बू हस्तुती दारात तबक घेऊन उभ्या होत्या. त्या तशाच उभ्या राहिल्या, इतका वेळ की आतून कुणीतरी तबक मागायला आलं.

नीनीनं पहिल्या रांगेत दोन घास खाल्ले आणि उठली. "इथं वारा नाही, आणि मांसाचे तुकडे कुठल्या पातेल्यात आहेत ते दिसत नाही," असं म्हणून ती सरळ स्वयंपाकघरात गेली. पाहुणे पांगल्यावर पाक लुराहही तिथं आले, तिच्याजवळ खाली बसले.

"म्बाक्यू, आता?"

"आता काय?"

"आता मेलो तर?"

"जेवू द्या हो सुखानं. तुम्ही असे दर महिन्याला मरायला निघालात तर मी किती वेळा मत बदलू?"

ते हसले. त्यांना असं तोंड उघडून हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. त्यांचा वरचा एक दात नव्हता, हे मला त्या दिवशी कळलं.

त्यानंतर ते काही वर्षं चांगले हिंडतेफिरते होते. बाजारच्या दिवशी नीनीच्या चुलीपाशी जाऊन बसत. दोघं कशावरूनही वाद घालत. गूळ कधी उतरवावा, पाऊस कधी येईल, मिसेम कुणाला जास्त शिव्या द्यायची. बैठकीतही त्यांच्या तोंडी इन्योंग बसला तो बसलाच. बू हस्तुती काही म्हणत नसत. त्यांच्या पानात भाजी परत आली, पण त्यांना आवडायची तशी झाली की नाही ते मला ठाऊक नाही. ते खायचे खरे.

ते गेले उन्हाळ्यात, संध्याकाळी, पानावरून उठून आडवे झाले ते झालेच. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगण माणसांनी भरलं. मांडव ठरल्याप्रमाणे होता. नीनी दारकेम मात्र नव्हती. नातीचं बाळंतपण म्हणून ती चिलाचापला गेली होती, आणि मयत कुणासाठी थांबत नाही.

मी विचारलं, "हा माणूस कसा होता?"

"चांगला!"

दुसऱ्यांदा विचारलं. "चांगला!"

तिसऱ्यांदा विचारताना माझी नजर आपोआप ओसरीकडे गेली. तिथं ती नव्हती. लोकांनी पुन्हा "चांगला!" म्हटलं, जरा घाईनंच, आणि खांदेकरी वाकले.

"चांगला होता," ओसरीवरून आवाज आला.

बू हस्तुती उभ्या होत्या. अंबाडा जागच्या जागी, ओढणी सरळ. आणि बोलत होत्या आमच्या बोलीत, 'क' थापटून थापटून. 'होते' नाही, 'होता'.

"चांगला होता. पण घोरायचा इतका की लग्न झाल्यापासून इन्योंगला धड झोप नाही. वाटायचं, हा गेला की एकदाची झोपेन. काल डोळ्याला डोळा लागला नाही."

आधी कुणीतरी हसलं, मग कुणीतरी हुंदका दिला. कोण कुठलं ते वेगळं करता येईना. मी कसाबसा म्हणालो, "उचला."

नीनी परत आली ती थेट माझ्या दारात. "मला न विचारता पुरलंत?"

"ऊन किती होतं, नीनी. काय म्हणाली असतीस?"

"मागच्या बाजारी त्याला जे सांगितलं तेच."

"काय सांगितलंस?"

"त्याला सांगितलं ना? तुला कशाला?"

मग मी तिला बू हस्तुतींचं सांगितलं. तिचा विश्वासच बसेना. "ती? इन्योंग म्हणाली? सगळ्यांसमोर?" आणि टोपलीतला एक गुळाचा गोळा केळीच्या पानात बांधून ती तशीच त्यांच्या घराकडे निघाली. मलाही तिकडंच काम आहे असं मी ठरवलं.

दोघी पुढच्या ओसरीवर बसल्या. नीनी म्हणाली, "ऐकलं मी. पण तुझा 'क' अजून कच्चा आहे. पोटातून यायला पाहिजे."

बू हस्तुतींनी पान सोडलं, गुळाचा तुकडा मोडला, चघळला. "आणि तुझा गूळ जरा करपलेला असतो. दर वेळी. लग्न होऊन आले तेव्हापासून सांगायचं होतं."

"मग इतकी वर्षं घेत का होतीस?"

"सांगता येत नव्हतं ना," बू हस्तुती म्हणाल्या आणि दुसरा तुकडा मोडला.